कूलरआधी अर्थिंगला पाणी

मार्च संपत आला की मेहकरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलल्या जातात, टाकी धुतली जाते. वायरकडे मात्र कोणी पाहत नाही. कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरणारी बाई, ओल्या पायांनी जवळ गेलेले लेकरू. लोक नशिबाला बोल लावतात. पण त्याला कारण असते आणि ते दूर करता येते.

कूलरची बॉडी पत्र्याची आणि पंप पाण्यात. पंपाची किंवा मोटारीची वायर आतून उघडी पडली की करंट पत्र्यात उतरतो. तीन पिनी प्लगची वरची जाड पिन हा करंट जमिनीत नेण्यासाठीच असते. कुठे ती पिन काढून टाकलेली असते, कुठे बोर्डात तिसरे भोक असते पण मागे वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडणे. न्यूट्रल मध्येच तुटली की चांगला कूलरसुद्धा शॉक देतो.

अर्थिंग आहे, तरी काम संपत नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची ओल निघून जाते. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणजे कूलर लागतो त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमजोर असते. म्हणून खड्ड्याच्या पाइपात आठवड्यातून एक-दोनदा दोन बादल्या पाणी ओता. पाण्याची टंचाई असली तरी भांडी-कपडे धुतलेले पाणी चालते. तारेचा जोड गंजला आहे का, तेही पाहा.

“आमच्याकडे एमसीबी आहे” असे अनेक जण म्हणतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे. घरातली एमसीबी बहुधा 16 अँपिअरची. ओल्या अंगातून जाणारा करंट त्या मानाने फारच थोडा असतो, आणि हृदय बंद पडायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस वाचवते ती आरसीसीबी. 30 मिलिअँपिअरची मागा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. दोन हजारांच्या आसपास मिळते. माझ्या मते नवा कूलर एक वर्ष उशिरा घ्यावा, ही आधी बसवावी. तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर बदला.

पत्र्याच्या घरात सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासते. कपडे वाळत घालायची तार त्याच पत्र्याला बांधलेली असते, आणि ओले कपडे टाकायला जाते घरची बाई. तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. 14 एप्रिलच्या रोषणाईच्या माळाही पत्र्यावर टाकू नका.

मीटरच्या पुढची वायरिंग आपली जबाबदारी आहे. मीटरपर्यंतची तक्रार महावितरणकडे 1912 वर करा. 2021 मध्ये सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजनेत 500 रुपये अनामत भरून जोडणी मिळे, आणि अर्जासोबत घरातील वायरिंगचा चाचणी अहवाल लागे. ज्यांनी तशी जोडणी घेतली त्यांनी अहवाल काढून वाचावा. त्यानंतर किती पॉइंट वाढवले, ते मोजावे. वाढवलेल्या पॉइंटची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

टाकी भरताना फक्त बटण बंद करू नका, प्लग काढा. चप्पल घाला. लेकरांना कूलरजवळ झोपवू नका.

आणि कोणाला शॉक लागलाच, तर आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला ढकला, हात लावू नका. शॉक लागलेल्याला मातीत किंवा वाळूत पुरण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. त्यात जीव वाचवायची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. गाडी येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढून घ्या. बाहेर एवढासा डाग दिसतो, आतले भाजलेले दिसत नाही.