झिजलेल्या शिवराईचें वाचन

गेल्या चैत्रांत आमच्या वडिलोपार्जित घराची वांटणी झाली. भांडीं, पुस्तकें, पाट-चौरंग यांची वांटणी दोन दिवसांत सुरळीत पार पडली. अडलें तें देवघराच्या कोनाड्यांतील तांब्याच्या गडव्यापाशीं. त्यांतून आमच्या आजीनें व तिच्या सासूनें सांठविलेलीं १३७ नाणीं निघालीं. बहुतेक इतकीं झिजलेलीं कीं, हें नाणें आहे कीं नुसती चकती, असा संशय यावा. धाकट्या बंधूंचें म्हणणें, "दादा, तांबें मोडींत घालूं, चांदी सोनाराला देऊं आणि येईल ती रक्कम तिघांनीं वांटून घेऊं." मधल्या बंधूंच्या चिरंजिवांचें मत ह्याच्या अगदीं उलट. त्यांनीं आपल्या मोबाइलवर कोठेंसें वाचलें होतें कीं, अमुक एक जुनें नाणें पांच लाखांस जातें. तेव्हां ह्या गडव्यांत निदान एका सदनिकेची सोय आहे अशी त्यांची खात्री! दोघांसही मीं एवढेंच सांगितलें कीं, मला पंधरा दिवस द्या, आणि तोंपर्यंत एकाही नाण्यास चिंच लावूं नका.

चिंचेचें नांव काढलें त्यास कारण आहे. मी बारा वर्षांचा असतांना आजीनें ह्याच गडव्यांतील एक शिवराई मला खेळावयास दिली होती. ती काळी दिसते म्हणून चिंच, मीठ आणि राख घेऊन मी अंगणांत बसलों आणि ती अशी घासली कीं, संध्याकाळीं ती नव्या पळीसारखी लखलखूं लागली. मोठ्या अभिमानानें ती आजीस दाखविली. तिनें ती उलटसुलट केली, बोटानें चांचपली आणि म्हटलें, "अरे, नांव पुसलेंस कीं रे!" सकाळीं जें अक्षर अंधुक कां होईना दिसत होतें, तें आतां नव्हतें. त्याचें कारण मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. तांब्यावर काळानें चढविलेला जो काळपट-हिरवट थर असतो त्यास आपण मळ समजतों. परंतु जुन्या तांब्याच्या नाण्यावर अक्षराची उरलीसुरली कड पुष्कळदां त्या थरांतच शिल्लक असते. आंबट पदार्थानें थर गेला कीं कडही जाते, आणि एकदां गेली ती कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. देवाचीं उपकरणीं घांसावीं तशीं नाणीं घांसण्याची आपल्या घरांतली सवय ह्या बाबतींत फार घातक आहे. माती चिकटली असेल तर स्वच्छ पाण्यांत भिजवून मऊ कापडानें टिपावें. ह्यापलीकडे कांहीं करूं नये.

गडव्यांतील नाण्यांपैकीं ९४ शिवराया होत्या. शके १५९६ च्या ज्येष्ठांत, म्हणजे १६७४ सालीं, रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर शिवाजी महाराजांनीं आपल्या नांवाचें नाणें पाडलें; सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळांत तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' व दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र / पति' अशीं देवनागरी अक्षरें असतात. हें नाणें लोकांच्या इतकें अंगवळणीं पडलें कीं, पेशवाईंतही निरनिराळ्या टांकसाळींतून महाराजांच्याच नांवानें शिवराया निघत राहिल्या. पेशवाई १८१८ मध्यें गेल्यावरही कांहीं काळ त्या पाडल्या जात होत्या. दोन ओळींच्या मध्यें दुहेरी रेघ असलेली दुदांडी शिवराई ती ह्या उत्तरकाळांतली. म्हणून शिवराई सांपडली म्हणजे ती महाराजांच्या हयातींतलीच, असें समजण्याचें कारण नाहीं. पहिल्या काळच्या मानल्या जाणाऱ्या शिवराया जाड असून साधारणपणें ११ ते १३ ग्रॅम भरतात. पुढच्या पुष्कळशा त्याहून हलक्या. सोनाराकडील लहान तराजू ह्या कामीं भिंगापेक्षांही आधीं लागतो.

आतां दोष कशास म्हणावें आणि कशास म्हणूं नये, हा खरा नाजूक प्रश्न आहे. ऐरणींत बसविलेल्या खालच्या ठशावर तांब्याची चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि घण घालावयाचा, अशी ती रीत. ठसा मोठा, चकती लहान व वेडीवांकडी. त्यामुळें संपूर्ण लेख एका नाण्यावर उमटणें हाच अपवाद. एखाद्या शिवराईवर 'राजा' आहे पण 'श्री' नाहीं, किंवा 'छत्र' आहे आणि 'पति' निम्माच आहे, एवढ्यावरून तिला चुकीचें नाणें म्हणून मिरविणें हें हास्यास्पद होय. तें तिचें जातीचें लक्षण आहे. तीच गोष्ट शुद्धलेखनाची. 'शिव' बद्दल 'सिव', 'पति' बद्दल 'पती' अशीं रूपें शिवरायांवर आढळतात. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यामुळें पहिली अशी शिवराई पाहतांच माझा हात तांबड्या शाईकडे गेला होता हें कबूल केलें पाहिजे! परंतु ठसे कोरणारा कारागीर व्याकरण शिकलेला नसे. तो कानानें ऐकलेलें, तेंही उलट्या बाजूनें, पोलादांत कोरीत असे. म्हणून हीं रूपें चुका नसून ठशांच्या ओळखी आहेत. कोणतें नाणें कोणत्या ठशाचें, हें अभ्यासक अशाच खुणांवरून जुळवितात.

ह्या ९४ शिवरायांपैकीं एकीनें मला चार रात्री झोंप येऊं दिली नाहीं. तिच्यावर वरच्या दोन ओळी अर्धवट होत्या. तिसऱ्या ओळींत 'श' स्पष्ट होता. त्याच्या पुढचें अक्षर कडेबाहेर गेलेलें. डावी बाजू झिजून सपाट. मात्र 'श' च्या डोक्यावर एक लहानसा उंचवटा दिसत होता. संभाजी महाराजांच्या शिवराया 'श्री राजा शंभु' अशा लेखाच्या असतात व त्या फार विरळा. तेव्हां 'श' वरचा तो उंचवटा जर अनुस्वार असेल तर नाणें 'शंभु' चें. आणि वेलांटीच्या कमानीचा उरलेला तुकडा असेल तर 'शिव' चें. एका बिंदूनें राजा बदलावा असा हा प्रसंग! संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्यास अनुस्वाराचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. पण तोच अनुस्वार मोहरीएवढ्या तांब्याच्या पुटकुळीच्या रूपानें समोर आला म्हणजे बुद्धीची परीक्षा होते.

अशा वेळीं पहिलें काम प्रकाशाचें. दिवा नाण्याच्या वर धरूं नये. सकाळच्या उन्हाची तिरीप एका बाजूनें येईल अशा खिडकींत बसावें व नाणें कडेला धरून सावकाश फिरवावें. उजेड डावीकडून येत असतां खरा उंचवटा डावीकडे चकाकतो व त्याची सावली उजवीकडे पडते. खड्डा असेल तर ह्याच्या उलट. झिजलेल्या नाण्यावर डोळा खड्ड्यास उंचवटा व उंचवट्यास खड्डा समजून वारंवार फसतो, म्हणून नाणें अर्धें फिरवून पुन्हां पाहावें. दुसरी युक्ति जुनी आहे : नाण्यावर तोंडाची हलकी वाफ सोडावी. वाफ विरत असतांना क्षणभर अक्षराची रेघ दिसते. तो क्षण पकडावयास दुसरा मनुष्य जवळ असलेला बरा. तिसरें, दहापट मोठें दाखविणारें भिंग. तें घासाघाशीच्या रेघा, ठोकर लागून उठलेलें धातूचें पापुद्रे आणि ठशानें उठविलेलें अक्षर ह्यांतला फरक सांगतें. ठशाच्या अक्षराचा उतार सारखा असतो; ठोकर लागून उठलेल्या धातूस एका बाजूस दुमड असते.

हें सर्व करूनही माझा निर्णय होईना, कारण मला तो बिंदु हवासा वाटत होता. जें पाहावयाची इच्छा असते तें झिजलेल्या नाण्यावर हटकून दिसतें, हा माझा पंधरा दिवसांतला सर्वांत पक्का अनुभव. शेवटीं मीं माझ्या दहा वर्षांच्या नातीस बोलावलें. तिला शंभुराजे कीं शिवराय ह्या वादाची वार्ताही नव्हती. भिंग तिच्या हातीं देऊन म्हटलें, "अक्षर ओळखूं नकोस, जें दिसतें तेवढेंच कागदावर काढ." तिनें खिडकींत बसून अर्धा तास लावला. चित्रांत 'श' च्या डोक्यावर टिंब नव्हतें; डावीकडून वर चढून उजवीकडे वळणारी एक बारीक कमान होती, आणि मी ज्यास बिंदु म्हणत होतों तें त्या कमानीचें टोंक. मग मीं पुन्हां पाहिलें, तेव्हां मलाही तेंच दिसलें! शिवराई 'शिव' चीच ठरली. वजन ८·९ ग्रॅम, म्हणजे बहुधा उत्तरकाळचीच.

यंत्राच्या नाण्यांचें शास्त्र निराळें आहे. १८३५ पासून कंपनी सरकारनें सर्व मुलखांत एकसारखीं नाणीं सुरू केलीं. रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११·६६ ग्रॅमचा; तांब्याचा पाव आणा १०० ग्रेनचा, आणि १९०६ पासून कांशाचा झाला तो ७५ ग्रेनचा. येथें सर्व कांहीं बांधीव असल्यामुळें खरी चूक चूक म्हणून उठून दिसते. आमच्या गडव्यांत एक पाव आणा असा निघाला कीं, त्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा उठावदार आणि दुसऱ्या बाजूस तोच मुखवटा खोलगट व उलटा. झालें काय, तर आधींचें नाणें ठशास चिकटून राहिलें, आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर ठशाऐवजीं त्या नाण्याचाच छाप बसला. ही टांकसाळीची अस्सल चूक. ह्याच्या उलट, दोन्ही बाजूंस उठावदार मुखवटा असलेलें नाणें कोणी दाखविलें तर आधीं कडेची सांध शोधावी. दोन नाणीं तासून एकांत एक बसविण्याचा उद्योग जादूचे प्रयोग करणारे पुष्कळ करतात.

चांदीचे रुपये बारा होते. त्यांतल्या चौघांच्या माथ्यावर डांकाचे डाग. म्हणजे ते कधीं काळीं कोणाच्या गळ्यांतल्या माळेंत होते. बाजाराच्या दृष्टीनें ते बाद. आमच्या घराच्या दृष्टीनें मात्र मीं ते वेगळे बांधून ठेवले. एक रुपया १८६२ चा होता, आणि ह्या सनाच्या रुपयाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. रुपयावरचा १८६२ हा आंकडा १८७४ पर्यंत तसाच ठेवला गेला. तथापि खरें वर्ष कळावें म्हणून मुंबईच्या टांकसाळींत सनाच्या वर, खालीं किंवा दोन्हीकडे बारीक ठिपके कोरण्याची पद्धत होती. त्यामुळें वरकरणीं एकच दिसणाऱ्या ह्या रुपयांत ठिपक्यांच्या संख्येनुसार अनेक प्रकार होतात व त्यांतले कांहीं इतरांपेक्षां दुर्मिळ आहेत. आमच्या रुपयावर सनाखालीं दोन ठिपके नक्की आहेत. तिसरा आहे कीं खरचटा आहे, हा वाद घरांत अद्याप चालू आहे.

चिरंजिवांची हकीकत मात्र सांगावयास वाईट वाटतें. गडव्याची वांटणी व्हावयाच्या आधींच उत्साहाच्या भरांत त्यांनीं एका विक्रेत्याकडून १९३९ चा रुपया अठरा हजारांस घेतला होता. तो मुंबईच्या टांकसाळीचा रुपया खरोखरच अत्यंत दुर्मिळ आहे. १९४० पासून रुपयांतली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि जुने रुपये सरकारनें परत ओढून घेतले, त्यामुळें तो हातीं लागणें कठीण. मीं भिंग लावलें. शेवटच्या ९ च्या खालच्या पोटाशीं धातु तासल्याच्या समांतर रेघा होत्या आणि भोंवतालची जमीन इतरत्र होती त्याहून किंचित् खोल. मूळचा आंकडा ८ होता. मीं कांहीं बोललों नाहीं. भिंग त्यांच्या हातीं दिलें. ते बराच वेळ पाहत राहिले. १९३८ चा रुपया हा सामान्य रुपया आहे, एवढें त्यांस ठाऊक होतें. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठीं शुल्क मागणाऱ्या व आपलें नांव वापरणाऱ्या जाहिरातींस भुलूं नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें काढली होती. तीही त्यांनीं मग स्वतःच शोधून आम्हांस वाचून दाखविली.

पंधराव्या दिवशीं तिघे बंधु पुन्हां बसलों. लाखांचें नाणें निघालें नाहीं हें मीं स्पष्ट सांगितलें. धाकटे बंधु म्हणाले, "मग मोडीचें काय ठरलें, दादा?" तेवढ्यांत नातीनें आपली वही पुढें केली. तिनें एकेका नाण्यास क्रमांक, वजन, दिसणारीं अक्षरें व आपलें चित्र अशी नोंद केली होती. धाकट्यांनीं ती वही पहिल्या पानापासून वाचावयास घेतली आणि चहा निवून गेला. मोडीचा विषय पुन्हां निघाला नाहीं. नाणीं गडव्यासह तूर्त मधल्या बंधूंकडे राहावीं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील जाणत्यांस ठिपक्यांचा रुपया व तो उलट्या मुखवट्याचा पाव आणा दाखवावा, आणि प्रत्येक नाणें निरनिराळ्या कागदी पुडींत ठेवावें, असें ठरलें.

वहींतली शेवटची नोंद मीं मागाहून पाहिली. गडव्याच्या तळाशीं जुन्या लुगड्याच्या चिंधींत एक नाणें वेगळें गांठ मारून ठेवलेलें होतें. तें नातीनें सोडविलें होतें. पुढें लिहिलें होतें : "क्रमांक १३७. तांबें. वजन ९·४ ग्रॅम. दोन्ही बाजू गुळगुळीत. अक्षर नाहीं." चित्राच्या जागीं तिनें नुसतें एक वर्तुळ काढलें होतें. ती चिंधी आजीच्या हातच्या गांठीची होती.