वाढत्या अंगाची स्टिक घेऊ नका

पुण्याजवळच्या एका टर्फवर हॉकीचा संध्याकाळचा सराव बघत बसलो होतो. मैदानावर नुकतंच पाणी मारलेलं होतं. कडेला बारा वर्षांची एक मुलगी ट्रॅपिंगचा, म्हणजे येणारा चेंडू स्टिकने थांबवण्याचा सराव करत होती. हातात कोरी, काळीभोर स्टिक होती आणि दांड्यावर ठळक आकडा होता : कार्बन 95 टक्के. समोरून येणारा प्रत्येक चेंडू ‘ठक्’ आवाज करून स्टिकवरून फूटभर पुढे उडत होता. दहा-बारा वेळा असं झाल्यावर तिचा चेहरा उतरला. शेजारी सराव करणाऱ्या एका मोठ्या मुलीने ते पाहिलं आणि पिशवीतून स्वतःची जुनी, ओरखडे पडलेली स्टिक काढून तिला दिली. पुढचा चेंडू आला. या वेळी आवाज आला ‘टप्’, आणि चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा थांबला.

“ताई, माझी स्टिक खराब आहे का?”

“खराब नाही गं. तुझ्यासाठी नाहीये, एवढंच.”

कट्ट्यावर बसलेल्या तिच्या वडिलांना मात्र हे पटेना. दुकानात असलेली सगळ्यात जास्त कार्बनची स्टिक त्यांनी पोरीच्या हौसेखातर घेतली होती. जास्त कार्बन म्हणजे जास्त चांगली, हा हिशोब त्यांच्याच नव्हे, बहुतेक पालकांच्या मनात असतो. तो चुकतो कुठे, हे समजून घ्यायला स्टिकच्या आत डोकवावं लागतं.

तुतीपासून कार्बनपर्यंत

भारताची हॉकीतली आठही ऑलिंपिक सुवर्णपदकं लाकडी स्टिकवर आली. ते लाकूड तुतीचं. तुती चिवट असते आणि वाफ देऊन तिला घट्ट वळण देता येतं. इंग्लिश पद्धतीच्या स्टिकचं डोकं लांबट असे, तर आपल्याकडच्या कारागिरांनी ते आखूड आणि वळणदार केलं. आखूड डोक्यामुळे स्टिक चेंडूवरून इकडून तिकडे झटकन उलटवता येते. डावी-उजवीकडे चेंडू नाचवण्याच्या ज्या कौशल्याला जग ‘इंडियन ड्रिबल’ म्हणतं, त्याला या आखूड डोक्याची साथ होती. फाळणीआधी सियालकोट हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. फाळणीनंतर तिथले कितीतरी कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि ही दोन शहरं भारतीय खेळसाहित्याची माहेरघरं झाली.

1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि खेळाचा वेगच बदलला. गवतावर उसळणारा चेंडू टर्फवर सरळ आणि सुसाट धावू लागला. 1990च्या दशकात कंपोझिट स्टिकला मान्यता मिळाली आणि लाकूड हळूहळू मागे पडलं. आजची स्टिक म्हणजे राळेत भिजवलेल्या धाग्यांचे थर साच्यात दाबून केलेली पोकळ नळी असते. हे धागे तीन प्रकारचे असतात : काचेचे, कार्बनचे आणि अ‍ॅरामिडचे. बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तेच हे अ‍ॅरामिड.

ताठपणाचा हिशोब

कार्बनचा धागा काचेच्या धाग्याच्या साधारण तिप्पट ताठ असतो आणि वजनालाही हलका. त्यामुळे कार्बन वाढला की स्टिक ताठ होते. आता फटका मारताना काय होतं ते पाहू. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड. स्टिक आणि चेंडूची गाठ पडते ती जेमतेम एक-दोन मिलिसेकंद. स्टिक लवचीक असेल तर त्या क्षणात दांडा किंचित वाकतो आणि फटक्याची थोडी ऊर्जा त्या वाकण्यात जाते. दांडा परत सरळ होईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो, त्यामुळे ती ऊर्जा त्याला मिळत नाही. ती दांड्यातच थरथरत राहते आणि मुठीला झिणझिण्या आणते. ताठ स्टिक कमी वाकते, म्हणून चेंडूला जास्त ऊर्जा देते. फटक्यासाठी कार्बन चांगला, तो या कारणाने.

पण चेंडू थांबवताना हाच गुण उलटतो. तिथे आपल्याला चेंडूची ऊर्जा परत द्यायची नसते, गिळायची असते. ताठ स्टिक ती गिळत नाही, चेंडूलाच परत करते. कसलेला खेळाडू ऐन वेळी मूठ सैल सोडून, स्टिक किंचित मागे घेऊन चेंडूची उसळी जिरवतो. हॉकीत याला ‘सॉफ्ट हँड्स’ म्हणतात. हे हात वर्षानुवर्षांच्या सरावाने घडतात. बारा वर्षांच्या मुलीकडे ते अजून नसतात, म्हणून तिला थोडी मऊ, काचेचे धागे जास्त असलेली स्टिक हवी. ताईची ओरखडे पडलेली स्टिक तशीच होती.

शिवाय दांड्यावरची टक्केवारी पूर्ण गोष्ट सांगत नाही. धागे दांड्याच्या लांबीला समांतर असतील तर वाकण्याला विरोध होतो आणि तिरपे असतील तर पिळण्याला. थर किती, कोणत्या दिशेने आणि कुठे जाड, यावर स्टिकचा स्वभाव ठरतो. त्यामुळे आकडा सारखा असूनही दोन स्टिक हातात अगदी वेगळ्या लागू शकतात.

वजनापेक्षा तोल

नियमानुसार स्टिकचं वजन 737 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. प्रत्यक्षात मोठ्यांच्या बहुतेक स्टिक 500 ते 600 ग्रॅमच्या दरम्यान असतात. पण वजनकाटा एक गोष्ट लपवतो : ते वजन कुठे आहे.

स्टिक आपण वरच्या मुठीभोवती फिरवतो. फिरवण्याला वस्तू जो विरोध करते, तो अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा 20 ग्रॅम वजन मुठीपासून 20 सेंटिमीटरवर लावलं आणि तेवढंच वजन तशाच दुसऱ्या स्टिकला 85 सेंटिमीटरवर, म्हणजे डोक्याशी लावलं. दोन्ही स्टिक काट्यावर सारख्याच भरतील. पण फिरवताना डोक्याशी लावलेले 20 ग्रॅम मुठीजवळच्या 20 ग्रॅमच्या 18 पट विरोध करतील! कागदावर हलकी असलेली स्टिक हातात जड का वाटते, याचं उत्तर इथे आहे.

डोक्याकडे भार असलेली स्टिक फटक्याला जोर देते, पण उलटवायला सुस्त असते. मुठीकडे भार असलेली स्टिक चपळ असते, पण तिच्या फटक्यासाठी अंगची ताकद जास्त लागते. ज्याला डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, दोन बचावपटूंच्या मधून चेंडू काढायचा आहे, त्याला चपळाई हवी. ज्याला स्वतःच्या 23 मीटर रेषेवरून चेंडू थेट आघाडीपर्यंत पोचवायचा आहे, त्याला जोर हवा.

बाक आणि गोफण

स्टिक टेबलावर सपाट बाजू खाली करून ठेवली, तर दांडा मध्ये कुठेतरी टेबलापासून वर उचललेला दिसतो. हा तिचा बाक, खेळाडूंच्या भाषेत ‘बो’. नियमाने तो 25 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि त्याचा सर्वांत खोल बिंदू डोक्याच्या तळापासून 200 मिलिमीटरच्या आत येता कामा नये. मिड बोमध्ये हा बिंदू साधारण 300 मिलिमीटरवर असतो, लो बोमध्ये 200च्या अगदी जवळ. फरक जेमतेम वीतभराच्या निम्मा, पण त्याने खेळ बदलतो.

का बदलतो, ते ड्रॅग फ्लिकमध्ये, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन फेकण्याच्या फटक्यात दिसतं. पेनल्टी कॉर्नरवर पहिला शॉट जोरदार हिट असेल, तर चेंडूने गोलरेषा 460 मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या फळीच्या उंचीच्या आत ओलांडावी लागते. फ्लिकला मात्र हे बंधन नाही. 2.14 मीटर उंचीचा सगळा गोल तिच्यासाठी खुला असतो. म्हणून फ्लिकमध्ये हिटची धार आणायची, हे आधुनिक हॉकीचं मोठं आव्हान ठरलं.

ज्वारीच्या शेतात पाखरं हाकणारी गोफण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ड्रॅग फ्लिक लगेच कळेल. खेळाडू लांब ढांग टाकून खाली वाकतो आणि चेंडू दांड्याच्या खालच्या भागात, बाकाच्या खोलगट जागेत उचलून घेतो. अंग पुढे जातं, कंबर वळते, शेवटी मनगटं फिरतात. या सगळ्या वेळात चेंडू दांड्यावरून घरंगळत डोक्याकडे सरकत असतो. फिरणाऱ्या काठीवर मुठीपासून जितकं दूर जावं, तितका वेग जास्त. चेंडू असा वाढत्या वेगाच्या दिशेने सरकतो आणि स्टिक सर्वांत जोरात फिरत असताना डोक्यावरून सुटतो. लो बो चेंडूला या प्रवासात घट्ट धरून ठेवतो. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्यपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार हरमनप्रीत सिंगने स्पर्धेत सर्वाधिक 10 गोल केले. पेनल्टी कॉर्नरवरची त्याची ड्रॅग फ्लिक हे त्या संघाचं मोठं अस्त्र होतं.

पण लो बोचीही किंमत मोजावी लागते. खाली बाक असला की डोक्याची सपाट बाजू किंचित आकाशाकडे कलते. त्यामुळे चेंडू उचलणं सोपं जातं आणि जमिनीलगत सरळ हिट मारणं अवघड. नवशिक्याने लो बो घेतला तर त्याचे साधे पासही उडू लागतात, आणि उडता चेंडू समोरच्याला इजा करू शकतो.

कोणी कोणती घ्यावी?

नव्याने शिकणाऱ्याने कार्बन कमी, बाक कमी किंवा मिड बो आणि वजन हलकं अशी स्टिक घ्यावी. डोक्याचा आकार ‘मिडी’ असला की ट्रॅपिंग, पुश आणि हिट तिन्ही नीट शिकता येतात.

बचाव फळीत खेळणाऱ्याला ताठ दांडा, डोक्याकडे थोडा भार आणि मिड बो उपयोगी पडतो. चेंडू अडवायला जास्त जागा देणारं ‘मॅक्सी’ किंवा ‘हूक’ डोकं त्याने हाताळून पाहावं. मधल्या फळीतल्या खेळाडूला सगळंच करावं लागतं, म्हणून तिथे मधला मार्ग बरा. आघाडीच्या खेळाडूला हलकी, चपळ स्टिक हवी. चेंडू हवेत उचलून बचावपटूच्या स्टिकवरून काढायची हातोटी बसली असेल, तर त्याने लो बोकडे वळावं. ड्रॅग फ्लिक करणाऱ्याने तर वळावंच.

डावखुऱ्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावं : हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसते. सगळ्या स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते. यात नुकसान मुळीच नाही, कारण वरची मूठ डाव्या हाताची असते आणि स्टिक उलटवण्याचं काम तोच हात करतो.

पारख कशी करावी?

दुकानात स्टिक आडवी धरून एका बोटावर तोलून पाहा. जिथे ती स्थिर राहते, तो तिचा तोलबिंदू. दोन-तीन स्टिकचे बिंदू ताडून पाहिले की डोक्याकडे भार कुणाचा, ते लगेच कळतं. मग मूठ दोन बोटांत सैल धरून स्टिक लोंबकळत सोडा आणि तळापासून वर सरकत दांड्यावर चेंडूने हलके ठोके द्या. काही जागी बोटांना झिणझिण्या येतील, एका पट्ट्यात त्या जवळपास नाहीशा होतील. त्या पट्ट्यावर चेंडू लागला की हाताला धक्का कमी बसतो. हा पट्टा जिथे तुमचा चेंडू नेहमी लागतो तिथे असेल, तर ती स्टिक तुमची.

लांबीसाठी स्टिक शेजारी उभी धरा. वरचं टोक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावं. मोठ्यांची नेहमीची स्टिक 36.5 इंचांची, म्हणजे सुमारे 93 सेंटिमीटर असते. मुलांसाठी याहून लहान मापं मिळतात. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची रीत आहे. त्याने खर्च वाचतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. स्टिक मात्र तशी घेऊ नये. लांब स्टिक घेतलेलं मूल ताठ उभं राहून खेळतं, कोपरं बाहेर काढतं, वाकायला शिकतच नाही. ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

आणखी एक सांगतो, ते सुरक्षिततेचं आहे. कार्बनच्या स्टिकला तडा गेला की त्यातले धागे सुईसारखे बाहेर येतात. अशी स्टिक चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, ती बाजूला काढा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर हॉकी शिकला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला. चांगल्या स्टिकचं मोल यामुळे कमी होत नाही, पण आधी हात घडतो आणि मग त्याला शोभेल अशी स्टिक शोधायची असते, एवढं त्यातून नक्की कळतं.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा दांड्यावरचा आकडा आणि किमतीची चिठ्ठी नंतर बघा. आधी मुलाला सोबत न्या, चेंडू घेऊन जा आणि चार स्टिक त्याच्या हातात द्या. जिच्यावर चेंडू ‘टप्’ करून थांबेल, ती घ्या.