कठीण लाकूड, यांत्रिक करवत आणि कारागिराचा हात

गोव्याच्या सत्तरी, सांगे व काणकोण या तालुक्यांतील जुन्या घरांची तुळई पाहिली, की त्या काळच्या करवत्यांच्या कष्टांची कल्पना येते. खड्ड्यावर ओंडका आडवा घालून एक जण वर व एक जण खाली उभा राहून आरा ओढीत असे. एका ओंडक्याच्या फळ्या पाडण्यास दिवसच्या दिवस लागत. विजेची करवत आल्यावर तेच काम काही मिनिटांत होऊ लागले. परंतु श्रम कमी झाले, म्हणजे धोका कमी झाला असे मात्र नव्हे. उलट, लाकूड जितके कठीण तितकी यंत्राची चूक महाग पडते. यासाठी लाकडाचा स्वभाव आणि यंत्राची गती या दोन्हींची ओळख असणे आवश्यक आहे.

लाकडाचा स्वभाव

साग हे सर्वांच्या परिचयाचे लाकूड असून वाळलेल्या सागाच्या एका घनमीटरचे वजन साधारणपणे ६५० किलोग्रॅमच्या आसपास भरते. पश्चिम घाटातील ऐन व जांबा ही लाकडे त्याहून बरीच जड आहेत. ऐनालाच गोव्यात माट्टी म्हणतात व तो त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीवरून हा वृक्ष दुरूनही ओळखता येतो. त्याचे लाकूड मजबूत असले, तरी ते घाईने वाळविल्यास तडकते. म्हणून कापलेल्या फळ्या उन्हात न टाकता सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रीतीने रचाव्यात. फळ्यांची टोके पाणी लवकर सोडतात व तेथूनच चिरा पडण्यास प्रारंभ होतो. तेव्हा टोकांना जाड रंग किंवा मेण लावणे हिताचे ठरते.

सागाची गोष्ट निराळी आहे. तो फार कठीण नाही, तथापि त्याच्या पेशींत वाळूच्याच जातीचे सिलिका नावाचे द्रव्य असते. त्यामुळे साध्या पोलादी पात्याची धार लवकर बोथट होते. जंगलातून ओढून आणलेल्या ओंडक्यांच्या सालीत लाल माती व खडे रुतलेले असतात, तेही धारेचे शत्रूच होत. म्हणून ओंडका करवतीवर चढविण्यापूर्वी साल काढून तो स्वच्छ करावा. जुन्या घरांचे वासे पुन्हा वापरावयाचे असल्यास खिळे शोधून काढावेत. फिरत्या पात्याखाली आलेला एक खिळा पात्याचे दात उडवितो आणि उडालेला तुकडा डोळा निकामी करू शकतो.

पाते कसे असावे

कठीण लाकडासाठी टंगस्टन कार्बाइडची टोके बसविलेले पाते उपयुक्त ठरते, कारण त्याची धार पोलादी दातांपेक्षा पुष्कळ अधिक टिकते. लाकूड तंतूंच्या दिशेने उभे फाडताना कमी व मोठे दात असलेले पाते घ्यावे. आडवा छेद घेताना अधिक दातांचे पाते घ्यावे. लाकूड पुढे सरकविण्याची गती अशी असावी, की यंत्राचा आवाज दबू नये. कापलेली कड काळी पडू लागली, तर धार गेली आहे किंवा पात्यावर राळ साचली आहे असे समजावे. अशा वेळी जोर लावणे हा उपाय नव्हे. वीज तोडून पाते काढावे, स्वच्छ करावे व धार लावून घ्यावी.

दाताची गती व माणसाचे भान

एक साधा हिशोब शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येईल. ३०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेवरील दात सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी १७० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. धोका दिसल्यावर हात मागे घेण्यास माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्या अवधीत दात नऊ मीटरहून अधिक अंतर कापतो. ‘जपून काम करीन’ एवढ्या निश्चयावर बोटे सुरक्षित राहत नाहीत, याचे कारण हेच आहे.

वाढत्या झाडाच्या खोडात अंतर्गत ताण असतो. लाकूड फाडताना तो मोकळा होऊन काप मागून मिटू लागतो व पात्याला घट्ट धरतो. पात्याचा मागील भाग वर येत असल्याने तो ती फळी उचलून कारागिराच्या अंगावर फेकतो. जड लाकडाची अशी उसळी प्राणघातक ठरू शकते. शिवाय फळी उडताच तिला धरणारा हात तोल जाऊन पात्याकडे ओढला जाण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी पात्याच्या अगदी मागे, काप उघडा ठेवणारी पोलादी पाचर बसविलेली असते. पाचर व वरचे आच्छादन ‘अडथळा होतो’ म्हणून काढून ठेवण्याची खोड घातक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे बंधन घातले होते.

अरुंद तुकडा हाताने न ढकलता लाकडी ढकलकाठीने ढकलावा. उभे राहताना पात्याच्या सरळ रेषेत न राहता बाजूस राहावे. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, सैल बाह्या, लोंबते उपरणे व हातातील कडी नसावीत, कारण दात कापडाबरोबर हातही ओढून नेतात.

न दिसणारी हानी

भुशाची हानी मात्र तत्काळ दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. शिसवीसारख्या लाकडाच्या भुशाने काहींच्या त्वचेस दाह होतो. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. भुसा यंत्रापाशीच शोषून घेणारी योजना व योग्य मुखपट्टी हाच खरा उपाय आहे. भुसा साचू दिल्यास आगीचाही धोका असतो. त्याचप्रमाणे करवतीच्या सततच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून कानांचे संरक्षण आवश्यक आहे.

कायदा व वनसंपत्ती

आपल्या मालकीच्या जमिनीतील झाड असले, तरी गोव्यात वृक्ष संरक्षण अधिनियम, १९८४ अन्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याविना ते तोडता येत नाही. वनक्षेत्रात केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीविना चालणाऱ्या लाकूड गिरण्या बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिला. ऐनाचे मोठे झाड तयार होण्यास माणसाचे आयुष्य लागते. तेव्हा चुकीच्या कापाने फुकट गेलेली एक फळीही लहान हानी नव्हे.

शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी गावातील सुतारांपर्यंत ही माहिती पोचवावी. करवत सुरू करण्यापूर्वी पाचर, आच्छादन व बंद करण्याचा खटका पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. गमावलेले बोट मात्र पुन्हा उगवत नाही, आणि त्या बोटावर बहुधा एका कुटुंबाची चूल अवलंबून असते.