देण्याचं माप: करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८

दानाविषयी बोलायचं म्हटलं की आपण थेट दशमांशावर येतो. म्हणून आज करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडू या. आठवा आणि नववा, दोन्ही अध्याय वर्गणीविषयीच आहेत. पण दशमांश हा शब्द तिथे एकदाही येत नाही.

यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी चालली होती. करिंथच्या मंडळीने वर्षभरापूर्वी सुरुवात केली, पण काम पुरं झालं नव्हतं. इकडे मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः संकटात, कमालीच्या दरिद्री. तरी आम्हालाही यात वाटा घेऊ द्या म्हणून त्याच पौलाला गळ घालत होत्या! या देण्याला पौल ‘कृपा’ म्हणतो. देवाच्या कृपेसाठी जो ग्रीक शब्द, तोच इथेही.

मग गरिबाने उसने काढून द्यावं का? हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना आतून टोचतो. बाराव्या वचनात पौल सांगतो की मनाची तयारी असेल, तर जवळ आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं. जे नाही, त्याचा हिशेब धरत नाहीत. पुढे तो आणखी स्पष्ट बोलतो: दुसऱ्याला आराम आणि तुमची ओढाताण, असा हेतूच नाही. समानता हवी. दाखला रानातल्या मान्न्याचा. जास्त वेचणाऱ्याकडे साठा झाला नाही, थोडं वेचणारा उपाशी राहिला नाही.

आणि पैशांवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवले जातात. (हा भाग आपण वाचताना हमखास गाळतो.)

करिंथकरांनी पुढे दिलं का? रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात मासेदोनियाबरोबर अखयाचंही नाव आहे, आणि करिंथ अखयातच होतं.