पहारेकरी आणि दरोडेखोर

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता धुळे सोडून तापी ओलांडतो, शिरपूर मागे टाकतो आणि सेंधव्याच्या घाटात सातपुडा चढू लागतो. याच घाटाच्या परिसरात नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे सात लक्ष रुपयांचा सरकारी खजिना लुटला गेला. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी, धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा साडेपाच लक्षांचा खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. राज्यकर्त्यांच्या लेखी हे दोन्ही दरोडेच होते. तथापि आज पहिल्याचा नायक खाज्या नाईक हा स्वातंत्र्ययुद्धातील वीर गणला जातो, आणि दुसऱ्यात भाग घेणाऱ्या नागनाथ नायकवडी यांना २००९ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरविले. मग दरोडेखोर म्हणावयाचे तरी कोणाला? हा प्रश्न केवळ शब्दांच्या कोशाचा नाही, हे आपणांस पुढे दिसून येईल.

प्रथम, टोळी निपजते कशी ते पाहू. सातपुड्यातील व सातमाळ्यातील भिल्ल नाईकांकडे पूर्वीपासून घाटांची व गावांची राखण असे. या राखणीबद्दल त्यांना ठरावीक हक्क मिळत. हक्क पोचता होता तोवर नाईक हा पहारेकरी असे. तो बुडाला, की तोच नाईक, त्याच वाटेवर, त्याच माणसांनिशी लुटारू होई. पहारेकरी व दरोडेखोर ही पुष्कळदा एकाच मनुष्याची दोन नावे होती आणि नाव बदलण्याची किल्ली त्याच्यापेक्षा राज्यकर्त्याच्या हाती अधिक होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशाची स्थिती दारुण झाली. होळकर व शिंदे यांच्या फौजांची धामधूम, १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आणि पाठोपाठ पेंढाऱ्यांच्या धाडी, यांनी गावेच्या गावे ओस पडली. जुने हक्क देणारा कोणी उरला नाही, आणि राखणदार डोंगरात शिरले. १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला. त्यांनी प्रारंभी फौजा धाडून नाईकांना पकडले, काहींना फाशीही दिले. पण एक नाईक पडला की दुसरा उभा राही. सपाटीवरच्या शिपायांना डोंगरातील हिवतापच अधिक भोवला.

अखेरीस १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत निराळा मार्ग धरण्यात आला. जेम्स औट्रॅम या तरुण अधिकाऱ्याने जळगावजवळच्या धरणगावी भिल्ल पलटणीची उभारणी केली. तो भिल्लांत मिसळला, त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी करू लागला आणि हळूहळू त्यांचा विश्वास संपादन करून त्यांना पगारी शिपाई बनविले. हीच पलटण पुढे १८९१ पर्यंत चालली आणि नंतर पोलिसांत विलीन झाली. यात औट्रॅमचे शौर्य व कौशल्य होतेच. परंतु यातून जे सिद्ध झाले ते त्याहून महत्त्वाचे आहे. ज्यांना जन्मजात लुटारू म्हटले जात होते, तेच नियमित वेतन व थोडा मान मिळताच पहारा देऊ लागले.

खाज्या नाईकाची हकीकत याच सूत्राची दुःखद बाजू दाखविते. सेंधवा घाटाच्या रस्त्यावर सरकारी चाकरीत त्याने अनेक वर्षे चोख पहारा दिला. १८५१ साली त्याच्या हातून मारहाणीत एक कैदी दगावला, आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदतीपूर्वी सुटून १८५७ साली तो पुन्हा कामावर आला. पण उत्तरेतील उठावाची वार्ता येताच त्याने सरकारची चाकरी झुगारली. भीमा नाईकादी सहकारी त्यास मिळाले. सरकारी खजिन्याबरोबर व्यापाऱ्यांचा मालही या टोळ्यांच्या तडाख्यातून सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे. गौरव करावयाचा तर संपूर्ण माणसाचा करावा. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तीत अनेक भिल्ल पडले, पकडलेल्यांपैकी कित्येकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या, आणि शेकडो स्त्रियांना कैद झाली. खाज्या निसटला, पण १८६० साली विश्वासघाताने मारला गेला.

खानदेशास लागून असलेल्या निमाडात पुढे तंट्या भिल्लाचे नाव गाजले. सावकारांना लुटून गरिबांस देणारा म्हणून त्याची ख्याती झाली. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जबलपूरच्या तुरुंगात त्याला फाशी झाले.

आता याच न्यूयॉर्कच्या देशातील दुसऱ्या जातीची टोळी पाहा. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. तेवढ्या काळात शिकागोचा अल् कपोन चोरट्या दारूच्या व्यापारावर गबर झाला. खुनाच्या आरोपावर नव्हे, तर प्राप्तीवरील कर बुडविल्याबद्दल १९३१ साली त्याला शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी 'स्कारफेस' हा बोलपट आला. टोळीनायकाचा शेवट वाईट होतो असे तो दाखवी. पण प्रेक्षकांच्या मनात राहिला तो त्याचा रुबाब. आपल्याकडील चित्रपटांनी हीच वाट दुहेरी चालविली. 'गंगा जमना' (१९६१) मधील नायक जमीनदाराच्या खोट्या आळामुळे डाकू होतो. 'शोले' (१९७५) मधील गब्बरसिंगाच्या क्रौर्याला मात्र कसलेही कारण दिलेले नाही. गंमत अशी, की लोकांच्या तोंडी बसली ती गब्बरचीच वाक्ये.

येथे विवेकाची कसोटी लागते. कपोनच्या टोळीची सारी कमाई टोळीच्याच पदरी पडली. चिमठाण्याचा पैसा मात्र साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कार्याकरिता होता, डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. लाड आणि नायकवडी यांनी त्यासाठी जीव धोक्यात घातला. धन गेले कोठे, आणि न्यायाचा दुसरा दरवाजा उघडा होता की बंद, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. पडद्यावरील दिमाख या दोहोंपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

पण दरोडेखोर हा शिक्का एकट्या माणसावर थांबत नाही, हे खरे दुखणे आहे. १८७१ च्या कायद्याने सरकारला कोणत्याही जमातीला समूळ गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार मिळाला. पारध्यांसारख्या जमातींतील मूल जन्मतःच संशयित झाले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरील शिक्का पुसला गेला, परंतु मनावरील शिक्का पुसण्यास कोणताही कायदा पुरेसा नसतो.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या वस्तीत एखाद्या घरी चोरी झाली, की सर्वांत आधी बोट कोणत्या वस्तीकडे वळते, हे प्रत्येकाने आपल्याच घरात तपासून पाहावे. धरणगावी दोनशे वर्षांपूर्वी परक्या राज्यकर्त्याला, आपल्या सोयीसाठी का होईना, एक गोष्ट उमगली होती : ज्याच्यावर विश्वास टाकला जातो, तो बहुधा पहारेकरी होतो. ती उमगण्यास आपणांस तर पलटण उभारण्याचीही गरज नाही.