वाईच्या टाक्यांचं वेळापत्रक

वाईला जाणारा माणूस कृष्णेचा घाट पाहतो, ढोल्या गणपतीपुढे हात जोडतो, सवड असली तर मेणवलीचा वाडाही पाहून येतो. मला मात्र वाईचं खरं कौतुक वाटतं ते तिथल्या संडासाच्या टाक्यांसाठी.

२०११च्या जनगणनेनुसार हे गाव सुमारे ३६ हजार वस्तीचं. एवढ्या गावाला भुयारी गटारं परवडत नाहीत. रस्ते खणायचे, पंप बसवायचे आणि त्यांचं वीजबिल कायमचं भरायचं, हे लहान नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचं काम. म्हणून राज्यातल्या बहुतेक लहान शहरांत घरोघरी सेप्टिक टँक असतो. टाकी बांधली की विषय मिटला असं घरमालक धरून चालतो, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यातून बाहेर पडतं. गाळातले जिवाणू हवेवाचून त्याचं विघटन करत राहतात, पण गाळ पुरता कधीच संपत नाही. थर चढत जातो तसतशी पाणी निवळायला जागा उरत नाही. मग घाण जशीच्या तशी गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. शोषखड्डा असला तर तोही गाळाने बुजतो. संडास तुंबेपर्यंत घरात कुणाला याचा पत्ता नसतो. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी असं शासनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कित्येक घरांत मात्र दहा-दहा वर्षं झाकण उघडत नाही.

वाई नगरपालिकेने २०१८मध्ये ही रीत बदलायला घेतली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासगटाच्या मदतीने तिने वेळापत्रक आखलं. टाकी तुंबो न तुंबो, तीन वर्षांत एकदा सक्शनची गाडी दाराशी यायची. खर्च करातून भागतो, त्यामुळे दारात पैशांची घासाघीस नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हाच तीन वर्षांचा क्रम धरला.

उपसलेला मैला ओढ्याकाठी ओतला तर या साऱ्या खटाटोपाला अर्थ नाही. वाईत त्यासाठी दिवसाला ७० हजार लिटर मैला घेऊ शकणारं केंद्र उभं राहिलं. तिथे गाळ आणि पाणी वेगळं करतात. पाण्यावर स्वतंत्र प्रक्रिया होते. गाळ सुकवून, हवा जवळजवळ बंद ठेवून, प्रखर तापवतात. रोगजंतू आणि जंतांची अंडी त्यात मरतात. उरतो काळा, कोळशासारखा चुरा.

मोरी-न्हाणीच्या सांडपाण्याचा प्रश्न यातून सुटत नाही. ते बहुतेक गावांत अजून उघड्या गटारानेच वाहतं, आणि त्याची सोय वेगळी करावी लागते. तरीही सर्वांत रोगट भाग नदीपासून दूर ठेवता येतो, तोही लहान गावाच्या खर्चात, हे मला फार मोलाचं वाटतं.

दिवाळीची साफसफाई उरकली असेल, तर आपल्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं तेही आठवून पाहा. तीन वर्षं उलटली असतील तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत सांगून यंत्राची गाडी मागवा. आत विषारी वायू साठलेला असतो, म्हणून कुणालाही टाकीत उतरवू नका; सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि मैला कुठे नेऊन टाकणार, हे गाडीवाल्याला विचारल्याशिवाय गाडी सोडू नका.