पाळी येण्याआधी दोन वर्षं

मागच्या भागात आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आज बोलायचंय आपल्या लेकींबद्दल, आणि लेकांबद्दलही. शेजारी सासूबाई बसल्या असतील, पोरं अभ्यास करत असतील, तरी रेडिओचा आवाज कमी करू नका. त्यांनी ऐकावं म्हणूनच हा विषय घेतलाय.

सुरुवात आमच्यापासूनच करतो. आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. २०१८ साली राज्यात अस्मिता योजना आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट मिळायचं, आणि ते गटांमार्फत. आमच्या गटांनीही ती पाकिटं विकली, वर्गात जाऊन स्वच्छतेवर भाषणं केली. त्याच वर्षी आमच्यातल्या एकीच्या मुलीला पाळी आली. पोर पाचवीत होती. दोन दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. डागाळलेल्या चड्ड्या तिने गोठ्यामागे कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवल्या होत्या. आदल्या आठवड्यात ती सायकलवरून पडली होती, त्यामुळे आत काहीतरी फाटलं आणि आता आपण मरणार, असं तिला वाटलं. तिच्याच घरात, माळ्यावरच्या खोक्यात, पॅडची पाकिटं भरलेली होती. खोक्यात काय आहे, असं तिने विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "तुझ्या कामाचं नाही ते."

त्या महिन्याच्या बैठकीत कर्जाचा विषय मागेच पडला. आम्ही एकमेकींना विचारलं, तुला कुणी आधी सांगितलं होतं का गं? बाराजणींत दोघींनीच हात वर केले. बाकीच्या सगळ्या आपापल्या वेळी अशाच घाबरल्या होत्या, आणि तरी आपल्या लेकींबाबत गप्प बसल्या होत्या. "वेळ आली की सांगू," असं आम्ही म्हणतो. पण वेळ आली की सांगायला उशीर झालेला असतो.

मग कधी सांगायचं? त्याची सूचना शरीरच देतं. मुलींच्या वयात येण्याची पहिली खूण म्हणजे बहुतेक वेळा छातीत छोटी, दुखरी गाठ येणं. ८ ते १३ या वयात ती कधीही येते. कधी एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी, म्हणून आया घाबरून दवाखान्यात धावतात. घाबरू नका. तिथून पुढे साधारण दोन ते अडीच वर्षांत पाळी येते. मधल्या काळात काखेत, खाली केस येतात, उंची भराभर वाढते, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. पाळीच्या काही महिने आधी चड्डीवर पांढरट ओल दिसू लागते. खाज, घाण वास किंवा आग नसेल तर हे पांढरं जाणं नेहमीचंच आहे. म्हणजे आईच्या हातात चांगली दोन वर्षं असतात. ज्या दिवशी मुलगी "आई, इथं दुखतंय," म्हणते, त्याच दिवशी बोलायला सुरुवात करावी.

एकाच दिवशी सगळं सांगायला बसू नका, मुलगी उठून पळेल. भाकरी थापताना, वेणी घालताना, शेतातून परतताना थोडं थोडं सांगा. समोरासमोर बसण्यापेक्षा काम करता करता बोललेलं दोघींनाही सोपं जातं, हा आमचा अनुभव आहे. शब्द साधे ठेवा. आमच्या एका ताईने आपल्या मुलीला असं सांगितलं: "तुझ्या ओटीपोटात एक छोटी पिशवी आहे, गर्भपिशवी. तू मोठी झालीस की ती दर महिन्याला आतून मऊ अस्तर तयार करील. पोटात बाळ राहिलं तर त्याला ते लागतं. नाही राहिलं तर ते अस्तर थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतं. जखम नसते ती. लघवीची वाट वेगळी असते आणि ही वेगळी." हे शेवटचं वाक्य ऐकून आमच्यातल्याच दोघी चकित झाल्या होत्या. दोन बाळंतपणं झाली तरी त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं!

एक गोष्ट मात्र सांगू नका: "घाण रक्त जातं." ते घाण नसतं. सगळ्या दिवसांचं मिळून सहसा अर्धी वाटीसुद्धा भरत नाही, पण मुलीला वाटतं आपण रिकाम्या होतोय. हा आकडा ऐकला की तिचा जीव भांड्यात पडतो.

दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड, एक चड्डी आणि जुनी कागदी पिशवी आधीच ठेवून द्या. पॅड कसं लावायचं ते हातात घेऊन दाखवा. रक्त कमी असलं तरी चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड वापरत असाल तर ते मऊ सुती हवं. आधी थंड पाण्यात धुवायचं, मग साबणाने, आणि वाळवायचं उन्हात. साडीखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात लपवून वाळवलेलं कापड दमट राहतं आणि त्याने खाज, जंतुसंसर्ग होतो. आपली लाज मुलीच्या अंगावर उठते ती अशी.

आता बाजूला बसण्याचं. आमच्यातल्या कितीतरी घरांत अजून मुलीला चार दिवस वेगळं अंथरूण आणि वेगळं ताट देतात. सासूबाईंशी भांडून हे सुटत नाही, आम्ही भांडून पाहिलंय. एका घरात सून इतकंच म्हणाली, "आत्या, परीक्षा आहे तिची, तिला मधल्या खोलीत पंख्याखाली झोपू द्या." पुढच्या महिन्यात परीक्षा नव्हती, तरी मुलगी तिथेच झोपली आणि कुणी काही बोललं नाही. देवघराचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण जेवण, झोप, अंघोळ आणि शाळा यांत तडजोड नको. आणि गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून पोरीला देऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

पाळी आली की आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांचे फोन सुरू होतात. मोठी झाली, आता स्थळ बघा. पाळी आली म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झालं, असं नाही. हाडं वाढत असतात, रक्त आधीच कमी असतं. १८ च्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. असं कुठे घडत असेल तर ग्रामसेवकांना सांगता येतं, १०९८ या नंबरावर फोनही करता येतो. रक्तवाढीसाठी शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पोरी ती थुंकून टाकतात, कारण मळमळतं. जेवल्यावर घ्यायला सांगा, वरून लगेच चहा देऊ नका. शौचाला काळं होतं तेही आधी सांगा, नाहीतर तीही एक भीती.

आणि मुलगे? त्यांना आपण अगदी वाऱ्यावर सोडतो. आवाज फुटतो, मिसरूड येते, झोपेत वीर्य बाहेर पडतं. त्याला लोक स्वप्नदोष म्हणतात, पण त्यात दोष कसलाच नाही. सकाळी चादर धुताना आईने नुसतं "होतं असं या वयात" म्हटलं तरी पुष्कळ. पुढचं वडिलांनी किंवा मामाने सांगावं. बहिणीची पाळी म्हणजे काय तेही त्याला सांगा. दुकानातून पॅड आणायला त्याला पाठवा, आणि दुकानदाराने काळ्या पिशवीत दिलं तर "साधी पिशवी द्या" म्हणायला शिकवा.

पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, त्याची काळजी नको. पण ८ वर्षांच्या आतच छाती वाढू लागली, १५ पूर्ण होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांहून जास्त रक्त गेलं, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागलं, किंवा पोटदुखीने दर महिन्याला शाळा बुडू लागली, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांना दाखवा.

कडब्यात चड्ड्या लपवणारी ती मुलगी आता कॉलेजात जाते. तिची धाकटी बहीण यंदा पाचवीत आहे. परवा बैठक चालू असताना ती दारातून डोकावली आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "आई, माझ्या दप्तरातलं पाकीट ताईने घेतलंय. मला दुसरं दे." आई वही लिहिता लिहिता म्हणाली, "खालच्या फळीवर आहे, घे."